न जमलेले गाणे

मी काही सिनेमाचा जाणकार नव्हे. वर्षाकाठी चार-सहा चित्रे पाहावीत, त्यांतली निम्मी विसरावीत, एवढाच माझा अधिकार. पण चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ने रात्रभर झोप येऊ दिली नाही. २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याच्या पटकथेला पारितोषिक मिळाले, हे मागाहून कळले. शरद नेरुळकर हा ख्याल शिकणारा तरुण. गुरुजींचे औषधपाणी पाहतो, रियाज करतो. तरी गळ्यात हवे ते उतरत नाही. रात्री मोटारसायकलीवरून जाताना कानांत माईंची जुनी भाषणे. तो आवाज सुमित्रा भावे यांचा. त्यापुढे पुष्कळसे संवाद फिके वाटतात. चित्र मध्ये रेंगाळते खरे.

आमच्या लष्करात एके काळी घरोघर तंबोरा असे, पण न जमलेल्या गाण्याविषयी कुणी बोलत नसे. मीही अकरा वर्षे शिकून सोडले. ‘वेळ मिळेना’ असे घरी सांगितले. ते खोटे होते.

शरदने अखेर मैफल सोडली. उलट, शौनक सेन यांच्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ (२०२२) या अनुबोधपटातले दिल्लीचे दोघे भाऊ, नदीम आणि सौद, हातचे काम सोडीत नाहीत. मांसाहारी पक्षी म्हणून दवाखान्याने नाकारलेल्या जखमी घारी ते घरच्या तळघरात बऱ्या करतात. आरंभीचे उंदीर आमच्या सौभाग्यवतींना सोसवले नाहीत, त्या उठून गेल्या. मी मात्र नातवाच्या संगणकावर शेवटपर्यंत पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावून मागितले.