संगणकाला हात लावला की मुंग्या का येतात?

बाह्यरुग्ण विभागात मध्यंतरी पन्नाशीचे एक गृहस्थ आले. तक्रार एकच, हाताला मुंग्या येतात. मधुमेह नाही, मानेच्या एक्स-रेत विशेष काही नाही, बी-१२ व्यवस्थित. कधी येतात, असे विचारले तर म्हणाले, "घरी संगणकावर हिशेबाचे काम करतो तेव्हा." कोणत्या हाताला? "जो हात डब्याला लागेल त्याला. पायात चप्पल असली की येत नाहीत." निदान तिथेच झाले. औषध काही लिहिले नाही, वायरमनला बोलवा म्हणून सांगितले.

घरच्या डेस्कटॉपच्या पत्र्याच्या डब्याला अशी झिणझिणी अनेकांना जाणवते. "थोडा करंट मारतो, पण चालतंय," असे म्हणून लोक वर्षानुवर्षे काम करतात. हे 'थोडे' कुठून येते ते समजून घ्यायला हवे. डब्यातल्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला खरखराट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजपासून डब्याच्या पत्र्याला जोडलेला, दुसरा न्यूट्रलपासून. त्यांतून झिरपणारा किरकोळ प्रवाह अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जावा, अशी योजना असते. अर्थिंगच नसेल तर पत्र्यावर २३० व्होल्टच्या निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब उभा राहतो आणि तुम्ही हात लावलात की तुम्हीच अर्थिंगची तार होता. हा प्रवाह एका मिलिअँपिअरपेक्षाही कमी असतो. त्याने जीव जात नाही. पण सुरक्षेची तार तुटलेली आहे, हे तो सांगतो.

खरा धोका आत एखाद्या तारेचे आवरण फाटून फेज थेट पत्र्याला लागली तर. शरीराला साधारण १ मिलिअँपिअर प्रवाह जाणवतो. १० च्या पुढे हाताचे स्नायू आवळले जातात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. ५० ते १०० मिलिअँपिअर छातीतून गेले तर हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन ते फडफडू लागते. ओल्या त्वचेच्या माणसाचा विद्युतरोध हजार ओहमपर्यंत खाली येऊ शकतो. २३० भागिले हजार केले की उत्तर येते २३० मिलिअँपिअर. पावसाळ्यात नुकत्याच पुसलेल्या फरशीवर अनवाणी बसणाऱ्यांनी हा भागाकार लक्षात ठेवावा. एमसीबी आहे ना, असे कोणी म्हणेल. एमसीबी कित्येक अँपिअरवर पडतो. तो भिंतीतल्या तारा वाचवतो, माणसाला नाही.

आता केबलकडे वळू. दुकानात लोक जाड केबल मागतात. साधा डेस्कटॉप मॉनिटरसकट दोन-तीनशे वॉटच्या वर क्वचित जातो, म्हणजे जेमतेम एक अँपिअर. त्याला ०.७५ चौरस मिलिमीटर तांब्याची तार पुरते. पाहायचे ते हे, की आत तारा खरोखर तीन आहेत का. काही स्वस्त केबलना पिना तीन असतात आणि तारा दोनच. तिसरी पिन केवळ शोभेची. वायरमनकडच्या मल्टिमीटरने प्लगची जाड पिन आणि दुसऱ्या टोकाचे मधले भोक यांत जोड आहे का, हे मिनिटभरात कळते. केबलच्या आवरणावर आयएस ६९४ आणि प्लगवर आयएस १२९३ हे क्रमांक आयएसआय चिन्हासह छापलेले असावेत. उघड्या तारेला लोहचुंबक चिकटले तर ते तांब्याचा मुलामा दिलेले लोखंड आहे, परत करा.

अर्थिंगची पिन इतर दोघींपेक्षा लांब असते. प्लग घालताना ती सर्वांत आधी टेकावी आणि काढताना शेवटी सुटावी म्हणून. सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून ती कापून टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. टू-पिनचा कन्व्हर्टर लावणे हे त्याचेच सभ्य रूप. बाजूला पितळी पट्ट्या असलेला युरोपीय गोल प्लगही आपल्या 'युनिव्हर्सल' बोर्डात बसतो, पण त्याचे अर्थिंग कुठेच जोडले जात नाही. आणखी एक. संगणकाची केबल काही किटल्यांनाही बसते, म्हणून स्वयंपाकघरात नेऊ नका. १५०० वॉटची किटली साडेसहा अँपिअर ओढते आणि तो प्लग असतो ६ अँपिअरचा. तो तापतो, मऊ पडतो, आधी वास येतो.

कोणी विजेला चिकटलेच, तर हाताने ओढू नका. मेन स्विच बंद करा. श्वास नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा. शुद्धीवर असलेल्यालाही छातीत धडधड, चक्कर किंवा भाजल्याची खूण असेल, तर ईसीजीसाठी घेऊन या.

ते गृहस्थ पंधरा दिवसांनी परत आले. जुन्या केबलमध्ये तिसरी तार नव्हतीच. पण नवी आणूनही मुंग्या जाईनात, तेव्हा वायरमनने भिंतीतला बोर्ड उघडला. अर्थिंगची हिरवी तार आत गुंडाळून ठेवलेली, कशालाच न जोडलेली. घर बांधल्यापासून ती तशीच होती. ती जोडली आणि त्याच दिवशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही बसवून घेतला. पहिल्याच संध्याकाळी तो दोनदा पडला, तेव्हा घरातला गीझरही गळका असल्याचे कळले.