सेटिंगला हात लावू नका!

25 मिलिमीटर व्यासाचे शाफ्ट काढायचे आहेत. लेथवरून उतरलेला जॉब मायक्रोमीटरने मोजला, तर भरला 25.02. ऑपरेटरने लगेच सेटिंग 0.02 ने खाली आणलं. पुढचा जॉब एरवी 24.99 आला असता, तो आता 24.97 आला. मग सेटिंग 0.03 ने वर! दिवसभर हेच. माणूस कामसू, हेतू चांगला, माल मात्र आधीपेक्षा वाईट. कारण आता प्रत्येक मापात त्या जॉबची चूक असतेच, शिवाय मागच्या जॉबची उलटी चूकही येऊन मिळते. मापं मुळात निव्वळ योगायोगाने वरखाली होत असतील, तर या खटाटोपाने त्यांचं प्रमाण विचलन तब्बल 41 टक्क्यांनी वाढतं.

मग हात लावायचा तरी कधी? शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात टेलिफोनची उपकरणं बनत. तिथल्या मालाच्या दर्जावर काम करणाऱ्या वॉल्टर शूहार्ट या भौतिकशास्त्रज्ञाने मे 1924 मध्ये वरिष्ठांना एक छोटंसं टिपण दिलं. त्यात एक आलेख होता: मधे सरासरीची रेघ, वरखाली मर्यादेच्या दोन रेघा. या रेघा सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांवर आखतात. मापांचे बिंदू आत विखुरलेले असतील, तर गप्प बसायचं. एखादा बाहेर गेला, तर टूल झिजलं का, बार बदलला का, हे शोधायचं. यंत्र ठीक असतानाही बिंदू बाहेर पडतो, पण हजारात साधारण तीनदाच.

मागच्या महिन्यापेक्षा रिजेक्शन जरा वाढलं की मीटिंगमध्ये खुलासा मागणारे साहेबही त्या ऑपरेटरसारखंच वागतात. फरक एवढाच, की त्यांच्या हातात अख्खा विभाग असतो. शूहार्टचा विचार पुढे नेणारे डेमिंग 1950 मध्ये जपानी कारखानदारांना हेच शिकवत होते. भारतात तर महालनोबिसांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने त्याआधीच, 1947-48 मध्ये, खुद्द शूहार्टनाच बोलावलं होतं.

आलेखावरच्या मर्यादेच्या रेघा म्हणजे ड्रॉइंगवरची टॉलरन्स नव्हे. ही गल्लत फार होते. टॉलरन्स ग्राहक ठरवतो, रेघा यंत्राच्या वागण्यातून निघतात. त्यामुळे सगळे बिंदू रेघांच्या आत आणि तरीही माल रिजेक्ट, असंही घडतं. तेव्हा ऑपरेटरला झापून काही होत नाही. जुनं बेअरिंग बदलायचं की चांगल्या प्रतीचा बार घ्यायचा, हे खरेदीच्या कागदावर सही करणाऱ्याने ठरवायचं असतं.