मागच्या चाकाचा नट: हाताचा अंदाज आणि टॉर्क रेंच

मोटरसायकलचे मागचे चाक स्विंगआर्मच्या दोन फाट्यांमध्ये एका आरपार दांडीवर बसते. ही दांडी म्हणजे एक्सल. तिच्या एका टोकाला डोके असते, दुसऱ्या टोकाला आटे आणि आट्यांवर एक मोठा नट. गाडीगणिक त्याला 19, 22, 24 किंवा 27 मिमीचा पाना लागतो. चेन ताणायची असो, ट्यूबच्या टायरचे पंक्चर काढायचे असो, नाहीतर ब्रेकचे लायनर बदलायचे असोत, दर वेळी हाच नट सैल होतो आणि पुन्हा आवळला जातो. महत्त्वाच्या नटांपैकी एवढ्या वेळा आणि एवढ्या निरनिराळ्या हातांखालून जाणारा दुसरा नट गाडीत क्वचितच सापडेल. त्याच्याविषयीच्या समजुतीही त्या हातांकडूनच पसरल्या आहेत.

सगळ्यांत जुनी समजूत म्हणजे नट जितका कचकचून आवळावा तितके चाक पक्के. नट चाक धरतो तो एक्सलला ताणून. नट फिरतो तशी पोलादी दांडी किंचित लांबते, स्प्रिंगसारखी मागे ओढते आणि स्विंगआर्मचे दोन फाटे, चेन अॅडजस्टर, स्पेसर, बेअरिंगच्या आतल्या कड्या हे सगळे एकमेकांवर दाबून धरते. 16 मिमी जाडीच्या आट्यांवरचा कोरडा नट 90 न्यूटन-मीटरला आवळला, तर ही पकड ढोबळ हिशेबाने 2,800 किलोच्या आसपास भरते. ताण कमी पडला तर चेनच्या ओढीने एक्सल खाचेत सरकते आणि चाक तिरके होते. ताण पोलादाच्या मर्यादेपलीकडे गेला की दांडी कायमची लांबते, आटे ओढले जातात आणि मग पकड उलट घटते. नट हाताला घट्ट लागत असतो, पण आतले ओढणे संपलेले असते.

म्हणून प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलमध्ये या नटाचा टॉर्क आकड्यात दिलेला असतो. नेहमीच्या गाड्यांत तो बहुधा 50 ते 110 न्यूटन-मीटर या टप्प्यात पडतो. एकाच बाजूने चाक धरणाऱ्या डुकाटीच्या काही गाड्यांत मधला मोठा नट 200 च्याही वर जातो. एका गाडीचा आकडा दुसरीला लावण्यात अर्थ नाही. एक्सलची जाडी, आट्यांमधले अंतर आणि नटाचा प्रकार बदलला की आकडाही बदलतो.

“वीस वर्षांचा हात आहे, हाताला कळते” असे गॅरेजमध्ये ऐकू येते. अनुभवी हाताला पुष्कळ काही कळते हे खरेच: आटा चुकीचा धरलाय, नट तिरका चढतोय, आत माती आहे. टॉर्क मात्र हाताला कळत नाही, कारण हाताला जाणवतो तो जोर, आणि टॉर्क म्हणजे जोर गुणिले पान्याची लांबी. गाडीसोबत मिळणाऱ्या 15 सेमीच्या पान्यावर 30 किलोचा जोर दिला तर सुमारे 44 न्यूटन-मीटर होतात. त्याच पान्याला पाइप घालून लांबी 45 सेमी केली, की त्याच जोराचे 132 होतात. मनगटाला दोन्ही वेळा सारखेच वाटते. टूलकिटचा पाना आखूड असतो तो सीटखाली मावावा म्हणून. रस्त्यात अडल्यावर घरापर्यंत पोचण्याइतके काम त्याने होते, शेवटचे आवळणे त्याचे काम नव्हे. पाइपचा खरा उपयोग गंजलेला नट सोडवताना. आवळताना तो लावला की हिशेब सुटला.

हवेवर किंवा बॅटरीवर चालणारी इम्पॅक्ट गन अचूक असते, हाही पसरत चाललेला समज. गन ठोके देत नट फिरवते. किती टॉर्क बसला हे हवेचा दाब, बॅटरीची स्थिती, गोटीची (सॉकेटची) लांबी आणि ट्रिगर किती वेळ दाबला यांवर ठरते. नट सोडवायला ती उत्तम. पुन्हा बसवताना नट आधी बोटांनी चढवावा, मग पान्याने टेकवावा आणि शेवट टॉर्क रेंचने करावा.

नटावर बसणारे हत्यारही महत्त्वाचे. स्क्रू पाना, म्हणजे जबडा पुढेमागे होणारा, या नटासाठी वापरू नये. जबड्यातल्या किंचित ढिलाईने नटाचे कोपरे गोल होतात, आणि एकदा नट गोल झाला की पुढच्या पंक्चरवाल्यापुढे छिन्नी-हातोडीशिवाय मार्ग उरत नाही. फिक्स पाना फक्त दोन बाजू पकडतो. रिंग पाना किंवा गोटी पाना सगळ्या बाजूंनी धरतो. बारा कोनी गोटीपेक्षा सहा कोनी गोटी बरी, कारण ती कोपऱ्यांऐवजी नटाच्या सपाट बाजूंवर जोर टाकते. दुसऱ्या टोकाला एक्सलचे डोके फिरू नये म्हणून तिथे आणखी एक पाना अडकवून धरावा लागतो. मॅन्युअलमधला आकडा नटासाठी असतो. डोके फिरवून आवळले तर बराचसा जोर दांडी आणि बेअरिंग यांच्यातल्या घर्षणात जातो आणि नटापर्यंत पूर्ण पोचत नाही.

टॉर्क रेंच विकत घेतली की काम संपले, असेही नाही. या नटासाठी अर्धा इंच चौकोनी टोकाची, साधारण 40 ते 200 न्यूटन-मीटर पल्ल्याची रेंच सोयीची. 5 ते 25 ची छोटी रेंच इंजिनाच्या झाकणांच्या बोल्टांसाठी असते. एककाची गल्लत सर्वांत महागात पडते. जुन्या मॅन्युअलमध्ये आकडे किलोग्रॅम-मीटरमध्ये असतात आणि 1 किलोग्रॅम-मीटर म्हणजे 9.81 न्यूटन-मीटर. 9 हा आकडा न्यूटन-मीटर समजून लावला तर नट जवळजवळ मोकळाच राहतो. फूट-पाउंडच्या पट्टीवर 90 लावले, तर ते 122 न्यूटन-मीटर होतात.

लावलेला आकडा गाठताच क्लिक होणाऱ्या रेंचबाबत दोन सवयी विशेष घातक आहेत. पहिली, “टक्” झाल्यावर खात्रीसाठी आणखी दोनदा ओढणे. पहिल्या आवाजालाच काम झालेले असते, पुढचे प्रत्येक टक् नट थोडा पुढे सरकवू शकते. दुसरी, आधीच आवळलेल्या नटावर रेंच लावून “टक् आले, म्हणजे बरोबर” असे म्हणणे. थांबलेला नट हलवायला फिरत्या नटापेक्षा जास्त जोर लागतो, त्यामुळे नट न हलताच आवाज येऊ शकतो. शंका असेल तर नट पाव फेरा मागे घेऊन, मूठ मधोमध धरून, हिसका न देता एका संथ ओढीत पुन्हा आवळावा. याच रेंचने नट सोडवू नये. काम झाले की तिची स्प्रिंग पल्ल्याच्या सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावी. आयएसओ 6789 या मानकात अशा रेंचसाठी 10 न्यूटन-मीटरच्या वर 4 टक्के अधिक-उणे इतकी चूक मान्य आहे, आणि उत्पादकाने वेगळे काही सांगितले नसेल तर 12 महिन्यांनी किंवा 5,000 वेळा वापरल्यावर तपासणी अपेक्षित आहे. घरी वर्षातून चारदा चेन ताणणाऱ्याने 5,000 मोजत बसू नये, पण खाली आपटलेली रेंच तपासल्याशिवाय वापरू नये.

गोटी आणि रेंच यांच्यामध्ये सरळ दांडा घातला तर टॉर्क बदलतो, असे अनेकांना वाटते. तो जवळजवळ बदलत नाही, कारण दांडा रेंचची लांबी वाढवत नाही. सायलेन्सर आडवा आला म्हणून रेंचच्या टोकाला कावळ्याच्या पायासारखा पाना सरळ रेषेत लावला, तर मात्र लांबी वाढते. रेंच 45 सेमी आणि जोड 5 सेमी असेल, तर 90 मिळवायला रेंचवर 81 लावावे लागतात. तोच जोड रेंचला काटकोनात लावला तर 90 च ठेवायचे.

आट्यांना ऑइल लावले की नट नीट बसतो, हा समज अर्धाच खरा. आवळताना दिलेल्या टॉर्कपैकी साधारण 90 टक्के नटाच्या तळाच्या आणि आट्यांच्या घर्षणात खर्च होतो, एक्सल ताणायला दहाच्या आसपास उरतात. तेलाने घर्षण घटले की तोच आकडा बराच जास्त ताण देतो. वरच्या उदाहरणातले 2,800 किलो 3,800 पर्यंत जाऊ शकतात. मॅन्युअल ऑइल लावायला सांगत असेल तर लावावे, सांगत नसेल तर आटे तारेच्या ब्रशने साफ करून कोरडे ठेवावेत. कोकणातल्या पावसात गंज टाळायचा असेल तर ग्रीस एक्सलच्या मधल्या गुळगुळीत भागाला लावावे.

नट जास्त आवळला की बेअरिंग जाम होते, म्हणून थोडा ढिलाच बरा, ही समजूत सायकलवरून आली असावी. सायकलच्या कप-कोनच्या हबमध्ये कोन दाबला तर चाक खरेच अडते. मोटरसायकलच्या हबमध्ये दोन बेअरिंगच्या आतल्या कड्यांमध्ये एक पोलादी नळी असते, ती सगळा दाब स्वतः घेते. ठरलेल्या टॉर्कला चाक अडत असेल, तर ती नळी आखूड झालीय, एखादा स्पेसर पंक्चरच्या दुकानात राहिलाय किंवा स्पेसर उलटसुलट बसलेत. तिथे नट ढिला ठेवणे म्हणजे तापावर थर्मामीटर फोडणे.

चेन अॅडजस्टरचे बोल्ट चाक धरून ठेवतात, असेही मानले जाते. ते फक्त चाकाची जागा ठरवतात, धरण्याचे काम नटाचेच. म्हणून क्रम असा: नट सैल करणे, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवून चेनची ढिलाई मिळवणे, चाक पुढे ढकलून अॅडजस्टरला टेकवणे, नट टॉर्कला आवळणे आणि मग ढिलाई पुन्हा मोजणे, कारण आवळताना ती बदलते. ड्रम ब्रेकच्या गाडीत नट आवळताना ब्रेकचे पेडल दाबून धरले तर लायनर ड्रमच्या मधोमध बसतात. त्याच गाडीत ब्रेक प्लेटला स्विंगआर्मशी जोडणाऱ्या पट्टीचा छोटा नट विसरू नये. तो निघाला तर ब्रेक मारताच प्लेट चाकाबरोबर फिरते.

शेवटी नट निघू न देणारी व्यवस्था. खाचांच्या नटात कॉटर पिन दर वेळी नवी घालायची. भोक आणि खाच जुळत नसेल तर नट मागे न घेता पुढची खाच येईपर्यंत किंचित आवळायचा. आत नायलॉनची कडी असलेला नट बोटांनी सहज पूर्ण चढू लागला, की त्याची पकड गेली असे समजून बदलायचा. काम झाल्यावर नट आणि स्विंगआर्म यांवरून पेंटची एक सरळ रेघ ओढली, तर नट फिरला की रेघ तुटलेली दिसते.