परदेशी पार्सलचे घोषणापत्र आणि आपली जबाबदारी

आपल्या रुग्णांची मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी परदेशी स्थायिक झाली आणि त्यांच्यापाठोपाठ आपली औषधेही समुद्रापार जाऊ लागली. औषध आपण निवडतो, बांधणी औषधविक्रेते करतात; परंतु त्या पुड्यासोबत जाणारे सीमाशुल्क घोषणापत्र बहुधा टपाल खिडकीपाशी घाईघाईने भरले जाते.

जागतिक टपाल संघाने यासाठी दोन नमुने ठरविले आहेत. कमी मूल्याच्या लहान पाकिटासाठी सीएन २२ आणि मोठ्या वा अधिक मूल्याच्या पार्सलसाठी सीएन २३. त्यांत प्रत्येक वस्तूचे वर्णन, संख्या, निव्वळ वजन, मूल्य व चलन लिहावे लागते. वस्तूचा संकेतांक व मूळ देश यांचेही रकाने असतात. खाली प्रेषकाची स्वाक्षरी असते. मजकूर खरा असून त्यात निषिद्ध वस्तू नाही, अशी ती हमी होय. २०२१ पासून हीच माहिती संगणकाद्वारे आगाऊ पाठविण्याची पद्धत रूढ झाली आहे. पार्सल पोहोचण्यापूर्वीच तिकडील अधिकारी ती वाचतो.

अशा वेळी ‘हर्बल पावडर’ एवढेच लिहिणे म्हणजे रुग्णपत्रिकेवर केवळ ‘पोटदुखी’ लिहिण्यासारखे आहे. माझ्या एका संधिवाताच्या रुग्णाच्या नातलगांनी याच दोन शब्दांत तीन महिन्यांचे औषध पाठविले. पार्सल सीमाशुल्क विभागात अडकले आणि चांगला गुण येत असलेली चिकित्सा मध्येच खंडित झाली. म्हणून कल्पाचे नाव, स्वरूप, घटक व नग स्पष्ट लिहावेत. उदाहरणार्थ, ‘त्रिफळा चूर्ण, हिरडा-बेहडा-आवळा, १०० ग्रॅमचे २ डबे’, तेही इंग्रजीत अथवा त्या देशाच्या भाषेत. किरकोळ विक्रीच्या वेष्टनातील औषधे सर्वसाधारणपणे ३००४ या शीर्षकाखाली येतात. सोबत चिकित्सापत्र व विक्रीची पावती जोडावी.

‘भेट’ या चौकटीवर खूण करण्याचा मोह अनेकांना होतो. आईने स्वखर्चाने मुलाला पाठविलेले औषध भेट ठरेल; रुग्णाकडून पैसे घेऊन दुकानदाराने पाठविलेले औषध ही विक्रीच होय. मूल्य कमी दाखविणेही तितकेच अनुचित आहे. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून स्थगित केली, तेव्हापासून मूल्याच्या रकान्याला विशेष महत्त्व आले आहे.

मात्र घोषणापत्र निर्दोष असले म्हणजे प्रवेश मिळतोच असे नाही. जर्मनीत खासगी व्यक्तीने युरोपीय संघाबाहेरून टपालाने औषधे मागविण्यास सामान्यतः मनाई आहे. कुष्ठ (कूठ) ही वनस्पती साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात, तर जटामांसी, कुटकी व सर्पगंधा दुसऱ्या परिशिष्टात आहेत. त्यांच्या सीमापार वाहतुकीवर निर्बंध आहेत. आसवारिष्टांतील स्वयंजनित मद्य आणि अवलेहांतील मध-तूप यांवरही काही देशांत आक्षेप येतो. तेव्हा पार्सल बांधण्यापूर्वी त्या देशाचे नियम पाहावेत, आणि औषध तेथे पोहोचणार नसेल तर रुग्णाला प्रस्थानापूर्वीच तसे सांगून चिकित्सेची वेगळी योजना करावी.

रसौषधींबाबत तर विशेष सावधगिरी हवी. २००४ मध्ये बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचा अहवाल अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानंतर केंद्र शासनाने १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनौषधीजन्य कल्पांसाठी जड धातूंची चाचणी बंधनकारक केली. पारदयुक्त कल्प ‘वनौषधी’ म्हणून घोषित करणे हे केवळ नियमभंग नव्हे. रुग्णाच्या तेथील डॉक्टरलाही ते अंधारात ठेवते.

वैद्यबंधू-भगिनींनो, परदेशातील अधिकाऱ्याला आपले शास्त्र ठाऊक नसते. त्याच्यापुढे असतो तो केवळ एक कागद. त्या कागदावरील अक्षर आयुर्वेदाच्या विश्वासार्हतेची साक्ष देते. औषधाची मात्रा आपण ज्या काटेकोरपणे लिहितो, त्याच काटेकोरपणे हे घोषणापत्र भरले जावे, यासाठी वैद्य व औषधविक्रेते या दोघांनीही दक्ष राहणे अगत्याचे आहे.