वर्गातली वेगळी वाट (७) : भिंतीवरची चित्रं कधी काढायची?

मागच्या लेखात स्वमग्न मुलांसाठी नॉर्थ कॅरोलायनात चालणाऱ्या 'टीच' वर्गांचा आणि दिवसाचा क्रम भिंतीवरच्या पट्टीवर चित्रांनी दाखवणाऱ्या तिथल्या वेळापत्रकाचा उल्लेख आला. त्यावर एका जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंनी विचारलं आहे, "मूल चित्रांवरच विसंबून राहिलं तर? ती काढायची कधी?" हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून आजचा लेख त्याच्यासाठीच.

एरिक शॉप्लर आणि रॉबर्ट राइश्लर यांनी साठच्या दशकात तिथल्या चॅपल हिलच्या विद्यापीठात 'टीच'चं काम सुरू केलं, तेव्हा स्वमग्नतेचं खापर आईवडिलांवर फोडलं जाई आणि मुलाला मोकळं सोडणं हा उपचार समजला जाई. शॉप्लर यांनी ते तपासून पाहिलं. १९७१ च्या त्यांच्या अभ्यासात आखीव तासांना मुलांचा प्रतिसाद मोकळ्या तासांपेक्षा चांगला होता. विकासात पुढे असलेल्या मुलांना मोकळीक थोडी तरी पेलत होती, मागे असलेल्यांना ती फारच जड जात होती. १९७२ मध्ये तिथल्या विधिमंडळाने हा कार्यक्रम राज्यभर नेला आणि पुढे ही पद्धत सरकारी शाळांच्या वर्गांत रुजली.

या वर्गांत वेळापत्रक मुलाच्या समजेप्रमाणे ठरतं. कुणाला नुसती वस्तू द्यावी लागते: हातात चमचा आला की जेवण, चेंडू आला की मैदान. कुणाला फोटो कळतो, कुणाला रेखाचित्र, कुणाला लिहिलेला शब्द. बाकावरच्या कामातूनही मुलाला चार गोष्टी दिसायला हव्यात: काय करायचं, किती करायचं, संपलं हे कशावरून कळेल आणि नंतर काय. म्हणून काम डावीकडच्या टोपलीतून उचलायचं आणि झालं की उजवीकडच्या टोपलीत टाकायचं.

बाईंच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: चित्रं काढू नका, बदलत न्या. फोटोच्या जागी शब्द येऊ दे, भिंतीवरची पट्टी वहीत जाऊ दे. लोकलचा इंडिकेटर पाहणाऱ्या प्रवाशाला आपण परावलंबी म्हणत नाही. उलट, दर वेळी बाईंना हाताला धरून उठवावं लागणारं मूल आता स्वतः पट्टी पाहून उठत असेल, तर त्याचं विसंबणं कमीच झालं.

एक काळजी मात्र घ्या. रोज तोच क्रम ठेवलात तर मूल क्रम पाठ करेल, पट्टी वाचणार नाही. म्हणून मधूनच एखादं चित्र बदला. सुरुवातीला बदल आवडीचा असावा, गणिताच्या जागी झोका. मग एखाद्या दिवशी पावसामुळे मैदान रद्द झालं, तरी तो बदलही त्याला पट्टीवर आधी दिसेल आणि पेलणं सोपं जाईल.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आली आहे आणि शाळांनी योग्य त्या सोयी द्याव्यात असंही त्यात म्हटलं आहे. पुठ्ठा, डिंक आणि आपल्याच शाळेचे फोटो एवढ्यावर ही सोय उभी राहते. येत्या सोमवारी एकाच मुलासाठी, फक्त मधल्या सुट्टीपर्यंतचं वेळापत्रक लावून पाहा.