सरासरीत न सापडणारा पादचारी

शहरात चालणं किती सोयीचं, हे आकड्यांत मांडायचा खटाटोप फार जुना नाही. २००७ साली अमेरिकेत सिएटलमध्ये ‘वॉक स्कोअर’ सुरू झाला. घरापासून किराणा, शाळा, बाग किती लांब यावर त्याचे गुण ठरत. पाच मिनिटांत पोचलात तर पूर्ण गुण, अर्ध्या तासापलीकडे शून्य. ऐसपैस पसरलेल्या अमेरिकी उपनगरांना ही मोजपट्टी शोभली. आपल्याकडे लावली तर पुण्यातल्या पेठा आणि गिरगाव-दादर पैकीच्या पैकी गुण मिळवतील, कारण वाणी, दवाखाना, देऊळ सगळं हाकेच्या अंतरावर. दाट वस्तीत अडचण अंतराची नसते. मधल्या वाटेची असते.

ती वाट मोजायचा मोठा प्रयत्न २००८ मध्ये झाला. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या पाहणीत ३० शहरांतले पदपथ आणि तिथल्या सोयी यांवरून निर्देशांक काढला गेला. सरासरी आली ०.५२, चंदीगड ०.९१ घेऊन अव्वल. त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याचा स्कायवॉक खुला झाला. चालणाऱ्याला जिने चढायला लावून खालचा रस्ता गाड्यांसाठी मोकळा करणं, हेही त्या काळी पादचाऱ्यांची सोय म्हणूनच गणलं गेलं.

२०११ च्या सुमारास ‘क्लीन एअर एशिया’ने पुण्यासह काही भारतीय शहरांत वेगळी रीत वापरली. पाहणी करणाऱ्यांनी स्वतः रस्त्यावर चालायचं आणि नऊ बाबींना एक ते पाच गुण द्यायचे. रस्ता ओलांडण्याची सोय, वाटेतले अडथळे, चालकांची वागणूक, अपंगांसाठीची व्यवस्था या गोष्टी ठळकपणे हिशेबात आल्या. २०१२ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसने पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी, असं सांगितलं. २०१६ मध्ये पुणे महापालिकेने पादचारी धोरण स्वीकारलं. पुढे जंगली महाराज रस्त्यावरचे पदपथ रुंद झाले.

मोजणी सुधारत गेली, पण सरासरीची सवय सुटली नाही. किलोमीटरभर पदपथातले ९५० मीटर उत्तम असले, तर लांबीच्या हिशेबात ९५ टक्के गुण पडतात. उरलेल्या ५० मीटरांत विजेचा डीपी, उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि लावलेल्या दुचाकी असतील, तर चाकाच्या खुर्चीवरच्या माणसासाठी तो अख्खा पदपथच बंद. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये धरला आणि पदपथ अपंगांनाही वापरता यावेत, असं बजावलं. हक्काची सरासरी काढता येत नाही. म्हणून यापुढे रस्त्याला गुण द्यायचे तर त्याच्या सर्वांत वाईट टप्प्यावरून द्यावेत.