सुट्टीतली सहल आणि नववीतल्या मुलीचे प्रश्न

शाळांच्या सुट्ट्या संपल्या की मोठ्या वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत सहलींची वर्णने येऊ लागतात. आईवडिलांबरोबर युरोप पाहून आलेला एखादा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा पॅरिसच्या मनोऱ्याविषयी लिहितो, कुणी स्वित्झर्लंडच्या बर्फाविषयी लिहितो. वाचायला बरे वाटते. पण आपल्या चाळीतल्या, वस्तीतल्या मुलांची आईबापाबरोबरची सहल कुठे जाते? कंपनीला जोडून आलेली दोन दिवसांची सुट्टी, तीन कुटुंबांत मिळून एक जीप, डब्यात चपाती आणि शेंगदाण्याची चटणी, आणि ठरलेला रस्ता: शिर्डी-शिंगणापूर. या सहलीचे वर्णन कुणी छापत नाही. म्हणून आम्ही ते येथे देत आहोत.

शेजाऱ्यांनी जीप ठरवली तेव्हा आमच्या घरात वाद झाला. घरातली वडीलधारी मंडळी म्हणाली, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराने शनीच्या दारात जायचे कशाला? त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण मुलगी नववीत आहे. उद्या ती कॉलेजला जाईल, नोकरीला जाईल. तिथे कुणीतरी तिला साडेसाती सांगणार, कुणीतरी काळा दोरा बांधायला देणार. तेव्हा आपण बरोबर नसणार. त्यापेक्षा आज आपण शेजारी उभे असताना तिने पाहावे, विचारावे, असे तिच्या आईचे मत पडले. आईने शेजाऱ्यांना एक अट मात्र घातली. शिंगणापूरहून जीप तशीच पुढे वेरूळला न्यायची. शेजारच्या काकूंनी ती लगेच मान्य केली, कारण वेरूळला घृष्णेश्वर आहे. आम्हाला लेणी हवी होती, त्यांना ज्योतिर्लिंग. डिझेल एकच.

शिर्डीचे दर्शन शेजाऱ्यांनी घेतले, आम्ही बाहेर चहा घेतला. पुढे राहुरीकडे जाताना दोन्ही बाजूंना ऊस होता. गाडीत मुलांना कंटाळा आला, म्हणून मुलीच्या आईने गोष्ट सांगायला घेतली. ती एका मुलाच्या प्रवासाची खरी गोष्ट होती. साल १९०१. मुलगा दहा वर्षांचा. वडील रामजी सुभेदार सातारा जिल्ह्यातल्या गोरेगावला रोखपालाचे काम करीत होते. तिथे दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता. सुट्टीत मुलांना त्यांनी बोलावले. भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले निघाली. नवे सदरे, चमकदार टोप्या, रेशीमकाठी धोतरे! आगगाडी तर त्यांनी तोवर पाहिलीही नव्हती. मसूर स्टेशनावर उतरली, तर घ्यायला कुणी आलेले नाही. पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते. स्टेशन मास्तर आधी आपुलकीने बोलला. मुले महार आहेत हे कळताच मागे सरला. गाडीवाला दुप्पट भाड्यावर तयार झाला, तोही अशा अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. बरोबर डबा होता, पण पाणी मिळेना. पाण्याविना घास उतरत नाही. रात्री जकात नाक्यावर आपण मुसलमान आहोत असे सांगून पाहिले, तरी पाणी मिळाले नाही. उपाशीपोटी मुले झोपली आणि दुसऱ्या दिवशी गोरेगावला पोहोचली.

ही हकीकत बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लिखाणात स्वतः लिहून ठेवली आहे. परदेशी माणसाला अस्पृश्यता म्हणजे काय हे नुसत्या व्याख्येने कळत नाही, म्हणून त्यांनी प्रसंग सांगितले. त्याच लिखाणात ते म्हणतात की युरोप-अमेरिकेतल्या पाच वर्षांच्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती. १९१७ साली ते बडोद्याला नोकरीसाठी आले आणि राहायला खोली मिळेना, तेव्हा ती पुन्हा जागी झाली. युरोपच्या प्रवासाने आपल्या माणसाला काय दिले, ते येथे दिसते. मनोरा आणि बर्फ नव्हे, तर जिथे कुणी जात विचारत नाही अशी गल्ली, अशी खाणावळ.

शेजारचा मुलगा बारा वर्षांचा आहे. त्याने विचारले, "मग पाणी कुणीच नाही दिले?" काकू खिडकीबाहेर पाहत होत्या. पण ऐकत होत्या.

सोनई आले. येथून शिंगणापूर पाच-सहा किलोमीटर. या सोनई परिसरात १ जानेवारी २०१३ रोजी सफाईकाम करणाऱ्या तीन दलित तरुणांची हत्या झाली. कारण काय, तर एका तरुणाचे सवर्ण मुलीवर प्रेम होते. २०१८ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. पुढे उच्च न्यायालयाने त्यातल्या एकाची सुटका केली. हे चौदा वर्षांच्या मुलीला सांगावे की नाही? आम्ही सांगितले. त्याच रस्त्यावरून तिला देवाच्या धाकाने चोरी न होणारे गाव दाखवायला नेत होतो, तेव्हा हे सांगितल्यावाचून गाडी पुढे जाणे आम्हाला बरे वाटले नाही.

शिंगणापुरात मुलांना सर्वांत नवल वाटते ते घरांचे. चौकट आहे, पण दार नाही. कुठे पडदा, कुठे कुत्रे आत येऊ नये म्हणून टेकवलेली फळी. शनीदेव राखण करतो, चोरी करणारा सुखरूप जात नाही, अशी श्रद्धा. आमच्या मुलीने पहिला प्रश्न टाकला, "मग बँक?" बँकही आहे. युको बँकेने २०११ साली येथे शाखा काढली आणि कुलूप नसलेली बँक म्हणून तिचा गाजावाजा झाला. पण तिलाही काचेचे दार आहेच. २०१५ साली गावात पोलीस ठाणेही सुरू झाले. मुलगी म्हणाली, "देव राखण करतो तर पोलीस कशाला?" फुलवाला हसला. म्हणाला, "ताई, पोलीस बाहेरून येणाऱ्या लोकांसाठी." उत्तर हजरजबाबी होते, आम्हीही हसलो. आम्हाला त्या दार नसलेल्या घरांत राहणाऱ्या बायाबापड्यांची चेष्टा करायची नाही. शेजाऱ्यावर भरवसा ठेवून झोपणे ही मोठी गोष्ट आहे. फक्त तो भरवसा माणसांचा आहे, हे त्यांनी मान्य केले तर बरे.

देव म्हणजे सुमारे साडेपाच फूट उंचीची काळी शिळा, उघड्या चौथऱ्यावर, वर छप्पर नाही. तेलाने सतत ओली. शेजारच्या काकूंनी तेलाची बाटली घेतली. मुलीने आईला हळूच विचारले, "मला वर जाता येईल?"

"येईल. आता कुणी अडवू शकत नाही."

"आता म्हणजे? आधी अडवत होते?"

मग तो सगळा इतिहास तिथेच उभ्या उभ्या सांगावा लागला. या चौथऱ्यावर बायांना बंदी होती. २००० साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या पुढाकाराने अंधश्रद्धा निर्मूलन समितीने मोर्चा काढला, तो पोहोचू दिला नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक महिला चौथऱ्यावर चढली, तर नंतर चौथऱ्याचे शुद्धीकरण करण्यात आले. शुद्धीकरण हा शब्द आपल्या लोकांना नवा नाही. १९२७ साली महाडचे तळेही असेच शुद्ध केले होते! २६ जानेवारी २०१६ रोजी निघालेला महिलांचा मोर्चा सुप्याजवळच थांबवला गेला. शेवटी विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१६ रोजी सरकारला कायद्याची अंमलबजावणी करायला सांगितले आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, चौथरा महिलांना खुला झाला.

तो कायदा कोणता, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. तो १९५६ सालचा आहे. हिंदूंच्या सार्वजनिक पूजास्थानात कोणत्याही वर्गाच्या हिंदूला अडवता येणार नाही, अडवणाऱ्याला तुरुंगवास, असा तो कायदा. १९३० पासून नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर आपल्या आज्या-पणज्यांनी लाठ्या-दगड खाल्ले. मंदिराची दारे अस्पृश्यांना उघडावीत म्हणून जे लढे झाले, त्यांच्या पोटी असे कायदे जन्मले. गंमत पाहा, कायदा झाला त्याच १९५६ सालच्या १४ ऑक्टोबरला आपण नागपूरला बुद्धाला शरण गेलो. आपल्याला त्या दाराची गरज उरली नाही. पण साठ वर्षांनी त्याच कायद्याने शेजारच्या काकूंना चौथऱ्याची पायरी मिळवून दिली. काकूंना हे ठाऊक नव्हते. मुलीच्या आईने सांगितले तेव्हा त्या तेलाची बाटली हातात धरून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमच्यामुळं म्हणा की." मग तेल घालायला गेल्या. आमची मुलगी गेली नाही. तिला कुणी नको म्हटले नव्हते. ती म्हणाली, "जाता येतं ना, मग झालं. मला मागायचं काही नाही."

बाहेर दुकानात घोड्याच्या नालेच्या अंगठ्या होत्या. दुकानदाराने मुलीचा चेहरा पाहून साडेसाती सांगितली. दहावीचे वर्ष जड जाईल म्हणाला. येथे मात्र वहीचा कागद फाडून आम्ही हिशेब मांडला. शनी हा ग्रह सूर्याभोवती एक फेरी साधारण साडेएकोणतीस वर्षांत पुरी करतो. राशी बारा. म्हणजे एका राशीत अडीच वर्षे. आपली राशी, तिच्या मागची आणि पुढची, अशा तीन मोजल्या की साडेसात झाले. साडेसातीतले गणित इतकेच. त्यात मार्क कमी पडण्याचा संबंध कुठे येतो? १६१० साली इटलीत गॅलिलिओने दुर्बिणीतून शनी पाहिला, पण त्याच्या बाजूला काय आहे हे त्याला उमगेना. पुढे हॉलंडच्या हायगेन्सने ते कडे असल्याचे ओळखले. २००४ साली कॅसिनी यान शनीपाशी पोहोचले आणि तेरा वर्षे त्याच्याभोवती फिरत फोटो पाठवीत राहिले. दुकानदाराने सगळे ऐकून घेतले आणि अंगठी दहा रुपयांनी स्वस्त केली! घेतली नाही. त्या पैशांत मुलांना उसाचा रस झाला.

संध्याकाळी औरंगाबाद म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर गाठले, एका ओळखीच्या कुटुंबाकडे अंग टाकले. सकाळी वेरूळच्या वाटेवर दौलताबादचा किल्ला लागला. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. तेही सहलीलाच निघाले होते, हे मुलांना सांगितले पाहिजे. प्रवासाची धूळ धुवायला किल्ल्याच्या दाराशी टाकीतल्या पाण्याने त्यांनी तोंड-पाय धुतले, आणि पाणी बाटवले म्हणून आरडाओरडा झाला. अखेर किल्ल्यात कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, हत्यारी शिपाई बरोबर देऊन त्यांना आत सोडले गेले. आमची मुले दाराशी आली तेव्हा पाण्याच्या बाटल्या सगळ्यांच्या हाती होत्या. शेजारच्या मुलाने आपली बाटली आमच्या मुलीकडे दिली आणि तिने तोंड लावून पाणी प्यायले. त्याला काही वाटले नाही, तिलाही नाही. वाटले ते आम्हा मोठ्यांना.

वेरूळला चौतीस लेण्यांपैकी पहिली बारा बुद्धाची. दहावे चैत्यगृह. दगडात कोरलेल्या कमानी लाकडाच्या वाशांसारख्या दिसतात, आणि स्तूपाच्या पुढे भगवान बुद्ध बसलेले. बारावे तीन मजल्यांचे. मुले धावत वर गेली. तिसऱ्या मजल्यावर एका बाजूला सात आणि दुसऱ्या बाजूला सात बुद्धमूर्ती आहेत. मुलीने मोजल्या, शेजारच्या मुलाने पुन्हा मोजल्या. काकू पायऱ्या चढून धापा टाकीत आल्या. हातात घृष्णेश्वराचा प्रसाद होता. इकडेतिकडे पाहून म्हणाल्या, "इथं काय वाहायचं असतं?"

"काही नाही काकू," मुलगी म्हणाली. "थोडा वेळ नुसतं बसायचं."

काकू बसल्या. खालून जीपवाल्याचा फोन आला, उशीर होतोय म्हणून. त्यांनीच तो घेतला आणि सांगितले, अजून पंधरा मिनिटे लागतील.